जुन्याच शिवणीतून

अस्तराचा ब्लाउज दोन तऱ्हांनी सैल करता येतो.
सगळी शिवण उसवून समोर पसरायची,
नाहीतर एका कोपऱ्यात दोन टाके काढून
आत बोटं घालून चाचपत करायचं,
बाहेरून कुणाला कळत नाही.
दुसऱ्याला वेळ जास्त लागतो. शिलाईही.
हे मी धंतोलीतल्या डॉक्टरांना सांगितलं,
तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले,
मग तुम्हाला अर्धं समजलंच आहे.

उरलेलं अर्धं कागदावर:
बरगडीखालून वळलेली रेघ, हॉकीच्या काठीसारखी.
शेजारच्या पोटावर पाच ठिपके
आणि खाली, पार खाली, एक आडवी.
ही कशाला?
तुकडा बाहेर काढायला. पिशवीत घालून.
तुमचं सिझर झालंय ना, त्याच जागी घेऊ,
नवीन खूण कशाला.
आणि मध्येच गरज पडली तर उघडावं लागेल.
इथे सही.

समितीने कॅमेरा चालू ठेवून विचारलं,
दिराला देताय, कुणाचा दबाव?
नाही म्हणाले.
सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या,
माझी पर्स मांडीवर धरून.

सहाशे चाळीस ग्रॅम.
आठ तास; उघडून केलं असतं तर सहा, म्हणे.
फेब्रुवारीची संत्री आली होती,
पिशव्या लीलाधरभाऊजींच्या दाराशी जमल्या.
त्यांचं पोट मात्र उघडलेलंच,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पट्टी बदलताना मावशींनी पाहिलं
आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.
मग माझ्याकडे वळून,
तुले काऊन झोपवलं वं?
तुले त पाच भोकंच हायेत.

सहाव्या दिवशी घर.
दहाव्या दिवशी कुकर.
तेराव्या दिवशी हंसापुरीतल्या लग्नाचे ब्लाउज,
एकवीस, सगळे अस्तराचे.
सिलिंडर सरकवू नका म्हणाले होते डॉक्टर.
कुणी सरकवायचा ते म्हणाले नव्हते.

मे महिन्यात तपासणीला गेले.
वाळ्याचा कूलर, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या,
शेजारी कन्हानचे उद्धव डोंगरे,
कोळशाच्या खाणीतून निवृत्त.
अकरा वर्षांपूर्वी बहिणीला दिलं, उघडून.
विचारायच्या आत शर्ट वर.
रेघ मधोमध जाड, कडेला चकाकणारी,
शिकाऊ हाताने घातलेल्या दुमडीसारखी.
तीन महिने बायकोनं बादली उचलू दिली नाही,
खोकला आला की उशी पोटाशी धरायचो,
थंडीत अजून ओढते.
लग्नात, बारशात, कुठंही दाखवतात.
लोक पाया पडतात.

मला त्यांचा हेवा वाटला.
मग लाज वाटली. हेवा करायची ही काय गोष्ट.

आणि तुमचं?

काय दाखवणार.
ठिपके तर मुंगी चावल्यासारखे,
त्यातले दोन मलाच सापडत नाहीत.
आणि खरी वाट जिथे आहे
तिथवर साडी सरकवत नाही कुणी
कूलरसमोर, परक्या माणसापुढे.
बारा वर्षांपूर्वी त्या वाटेने माझी मुलगी आली,
आता भाऊजींचं उरलेलं आयुष्य,
आणि कापडावर टाका तेवढा एकच.

डोंगरेंना काय कळलं कुणास ठाऊक.
शर्ट खाली केला, गुंडी लावली, म्हणाले,
आत त सारखंच कापते न, बाई.
दार लहान होतं म्हून
सामान कमी गेलं काय?

सोनोग्राफीवाल्या मुलीने सांगितलं, भरलंय.
आकार पहिल्यासारखा नाही, पण भरलंय.

घरी आले तर सिलिंडर संपलेला.
भरलेला दाराशी उभा, माझी वाट बघत.
मी त्याला वळसा घालून आत गेले,
चटई अंथरली, कुशीवर झाले.

काऊन वं, दुखते का? सासूबाईंनी विचारलं.
हाव, म्हटलं.

त्या वेळी दुखत नव्हतं.